‘नको’चा कोड

११ नोव्हेंबर, मंगळवार

हेमाचं बोलणं गेल्यापासून या घरात बोलणारा मी एकटाच उरलो आहे. एकट्याने बोलत राहिलं की समोरच्या फ्लॅटमधले लोक दार किलकिलं करून बघतात. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

गणपती विसर्जनानंतर चार दिवसांनी हेमाच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात उचलत नाही. पाय ओढत का होईना, ती आता घरात फिरते. पण वाचा गेली. घरी येऊन बोलण्याचे व्यायाम करून घेणारी नम्रता म्हणते, "काका, काकूंना सगळं कळतं हं. शब्द आत आहेत, बाहेर यायचा रस्ता तेवढा बंद झालाय." मी विचारलं, रस्ता कधी उघडेल? म्हणाली, सांगता येत नाही.

हेमाने उभी नोकरी स्वारगेटला एसटीच्या चौकशी खिडकीत काढली. "साताऱ्याची गाडी कधी लागेल?" असं कोणी विचारलं की ही म्हणायची, "लागली की दिसेल." "पंढरपूरची गेली का हो?" "तुम्ही इथे उभे आहात म्हणजे गेलीच की." लोक चिडायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हिच्याच खिडकीपाशी यायचे. त्या बाईच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय. परवा. पाणी हवं असेल तरी परवा, उशी टोचली तरी परवा. नम्रता म्हणते, असं होतं, एखादाच शब्द अडकून बसतो. त्याला अर्थ असेलच असं नाही.

मला ते पटत नाही. हेमा निरर्थक कधी बोललीच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परवा, म्हणजे मंगळवारी, ती फार कळवळून "परवा, परवा" म्हणत होती. म्हणजे आज काहीतरी असणार असं धरून मी दाढी केली, बाहेरच्या खोलीतल्या चादरी बदलल्या, जरा जास्त दूध घेऊन ठेवलं. कोणी आलं नाही. संध्याकाळी विचारलं, "हेमा, आज काय होतं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परवा."

जास्तीच्या दुधाची खीर केली. ती लागली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज एक गोष्ट सुचली. नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या हसू येईल.

कोपऱ्यावर गेनबाची भाजीची गाडी असते. पहाटे मार्केट यार्डातून माल आणतो आणि दहापर्यंत इथे लावतो. त्याच्या गाडीला एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन टांगलेला आहे. गिऱ्हाईक त्यासमोर फोन धरतं आणि गाडीवरचा छोटा खोका बायकी आवाजात बोलतो. गेनबा मेथी निवडत असतो, मान वर करत नाही. तो नुसता ऐकतो आणि मान हलवतो.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. गेनबा म्हणाला, "काका, काय पाहिजे?" मी म्हणालो, "काही नाही, ऐकतोय." त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

मुद्दा हा की पुठ्ठ्यावरचं चित्र फोनला दाखवलं की आवाज निघतो. मग पाण्याच्या तांब्यावर एक चित्र, चहाच्या कपाजवळ एक, पलंगाजवळ एक, असं केलं तर? हेमा डाव्या हातात फोन धरू शकते. चित्रासमोर धरेल आणि फोन तिच्यासाठी बोलेल.

बेंगळुरूला पूर्वाला फोन लावला. आमची एकुलती एक मुलगी. ती म्हणाली, "बाबा, कल्पना चांगली आहे. पण कोडात आवाज नसतो. कोडात फक्त पत्ता असतो. आवाज इंटरनेटवर कुठेतरी असतो, कोड स्कॅन केला की फोन तिथे जातो."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"म्हणजे… कुठेतरी."

म्हणजे पत्ता आहे, पण घर कुठे आहे ते आमच्या इंजिनिअर मुलीलाही माहीत नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली, कालव्याची एकेक रेघ कुठून निघून कुठे जाते ते ठाऊक असायचं. हे चित्र मात्र कितीही बघितलं तरी त्यातून काही वाचता येत नाही. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन आणि मध्ये मुंग्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्वाने एका संकेतस्थळाचं नाव पाठवलं. तिथे आवाज चढवायचा, बटण दाबायचं, की कोड तयार होतो. फुकट आहे. मी "पाणी" म्हटलं. पाचव्या वेळी ते नीट चढलं. पहिल्या चार वेळा मागे कुकरची शिट्टी आली.

कोड तयार झाला, फोनच्या पडद्यावर दिसला. आता स्कॅन करायचा. कॅमेरा उघडला तर कोड नाहीसा झाला. कोड उघडला तर कॅमेरा नाहीसा. पाऊण तास हे चाललं. शेवटी फोन बेसिनच्या आरशासमोर धरून पाहिला. हेमा पलंगावरून बघत होती. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू जरा वर गेली. बऱ्याच दिवसांनी.

मग रुपालीने तिचा फोन दिला. रुपाली म्हणजे दिवसा हेमाजवळ थांबणारी मुलगी, मूळची परभणीकडची, राहते वारज्याला. म्हणाली, "आजोबा, एका फोनातलं चित्र दुसऱ्या फोननं बघायचं. सोत्ताच्या डोळ्यानं सोत्ताचं तोंड दिसतंय व्हय?" तिच्या फोनने माझा फोन वाचला आणि माझाच आवाज आला: पाणी.

मी घाबरलो. स्वतःचा आवाज असा म्हातारा आहे हे माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळे शब्द तयार. वाक्यं नीट विचार करून लिहिली आणि सावकाश, स्पष्ट उच्चारांत म्हटली:

कृपया मला पाणी द्यावे.

मला थोडी विश्रांती घ्यावीशी वाटते.

दिवा बंद करावा.

आज जेवण छान झाले आहे.

शिवाय हो, नको, दुखते आहे वगैरे. कोड झेरॉक्सच्या दुकानातून चिकटणाऱ्या कागदावर छापून आणले. तिथल्या माणसाने घोटाळा केला. सगळ्यांची एकेक प्रत हवी होती, त्याने ती दिलीच, वर "नको"चा अख्खा ताव छापून दिला. परत घेईना. म्हणाला, "असू द्या, लागतील." फुकटची पुणेरी अक्कल.

प्रत्येक कोडाखाली मी शाईने शब्द लिहिला आणि जागच्या जागी चिकटवला. हेमाला तिचा फोन दिला, कॅमेरा कसा धरायचा ते दाखवलं. तिला लगेच जमलं. माझ्यापेक्षा लवकर, हे नमूद करतो.

तिने पाण्याचा कोड धरला. "कृपया मला पाणी द्यावे," मी फोनमधून म्हणालो. हेमाने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही. नंतर जेवणाच्या टेबलावरचा कोड धरला. "आज जेवण छान झाले आहे." तिने ताटातल्या दुधीच्या भाजीकडे पाहिलं आणि डाव्या हाताच्या नखाने तो कोड खरवडून काढला. बराच वेळ लागला, पण पूर्ण काढला.

कशामुळे ते कळलं नाही. बहुधा चिकटवताना वाकडा लागला असावा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हेमा सगळे कोड सोडून फक्त "नको" वापरते. नम्रताला सांगितलं. ती म्हणाली, "वापरतात ना, मग छान! आणि काका, बाकीची वाक्यं काकू पूर्वी अशीच म्हणायच्या का?" मी म्हटलं, अशी म्हणजे? ती म्हणाली, "म्हणजे… कृपया वगैरे?" मी म्हणालो, आता आजारपणात तरी म्हणायला काय हरकत आहे. ती पिशवी भरायला लागली. तिला घाई असावी.

दुपारी पूर्वाचा फोन. स्पीकरवर ठेवला होता, हात कणकेचे होते. ती म्हणते, तुम्ही दोघं इकडे या. इथे तळमजल्यावरचं घर बघते. कर्वेनगरचा फ्लॅट विकून टाकू, लांबून सांभाळत बसायला नको. मी लगेच हो म्हटलं नाही, पण खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. मी थकलोय. रात्री हेमा कूस बदलते तेव्हा मी उठून बसतो, आणि मग पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत असतो. कोणीतरी दुसऱ्याने ठरवावं, मी त्यांच्यामागून बॅग धरून चालावं, असं वाटतं.

मी पूर्वाशी बोलत असतानाच आतून हेमाचा फोन सुरू झाला. नको. नको. नको. आत जाऊन विचारलं, पंखा नको? शाल नको? उशी? तिने माझ्या चष्म्याची डबी उचलून भिंतीवर मारली. पूर्वा फोनवर विचारत होती, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आईला पंखा बंद हवाय.

पंख्याचा वेगळा कोड करायला हवा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पूर्वाने इंद्रजीत नावाच्या दलालाला पाठवलं. चटपटीत माणूस. प्रत्येक खोलीचे फोटो काढले, गॅलरीतून टेकडी दिसते म्हणाला, "हा व्ह्यू म्हणजे प्लस पॉइंट आहे, सर." हेमाला त्याने वाकून नमस्कार केला. मी चहा टाकला. हेमाने लगेच फोन उचलला: नको.

मी म्हणालो, "तिला चहा नकोय." इंद्रजीतने घेतला.

तो जाईपर्यंत ती ते एकच ऐकवत होती. बिचारा म्हणाला, "मॅडमना त्रास होतोय का?" मी सांगितलं, नवीन यंत्र आहे, हाताला सवय व्हायचीय.

२ डिसेंबर, मंगळवार

आज फार वाईट झालं.

सकाळी हेमाने पहिल्यांदाच "हो"चा कोड धरला. मी विचारलं होतं, पोहे करू का? फोन बोलला नाही. पडद्यावर इंग्रजी पान आलं. हा कोड बंद करण्यात आला आहे, चालू ठेवायचा असेल तर सदस्य व्हा. पाणी धरलं, तेच. दुखतंय, तेच. नको, तेच. घरातला एकेक शब्द मी धरून पाहिला. सगळीकडे तेच पान.

पूर्वाला कामाच्या वेळात फोन केला. ती म्हणाली, "अरे देवा. फुकट म्हणजे दोन आठवडेच फुकट असणार. बाबा, सॉरी, मीच नीट वाचलं नाही."

"पण कागद माझ्याकडे आहे. छापलेला आहे. कागदावरचं कसं बंद होईल?"

"कागदावर त्यांचा पत्ता आहे ना. त्यांनी आपलं दार लावून घेतलं."

मला अजून नीट कळलेलं नाही. शाई तीच, चौकोन तेच, काल बोलत होते. हेमाला समजावून सांगायला गेलो तर मलाच शब्द सापडेनात. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "परवा"सुद्धा म्हणाली नाही. दिवसभर. सप्टेंबरात दवाखान्यात मी रडलो नव्हतो. आज गॅलरीत जाऊन रडलो. टेकडीवर फिरायला निघालेल्या कोणीतरी खालून हात केला, मीही केला.

५ डिसेंबर, शुक्रवार

पूर्वाने काल संध्याकाळी तास-दीड तास फोनवर बसून नवीन पद्धत शिकवली. आवाज आपल्याच खात्यात ठेवायचे, त्यांच्या दुव्याचा कोड आपल्याच फोनने बनवायचा. मध्ये कोणी दरवान नाही. त्यामुळे कोड बंद पडणार नाही. मी तीनदा विचारलं, नक्की? ती म्हणाली, "मी आहे तोवर नक्की." मला हे उत्तर तांत्रिक वाटलं नाही, पण मी पुढे विचारलं नाही.

अडचण एवढीच की माझा घसा बसलाय. थंडी आहे. म्हणून रुपालीला म्हटलं, तू म्हण. तिला वाक्यांचा कागद दिला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "आजोबा, हे असं मला बोलता यायचं नाही. माझ्या तोंडानं म्हनू का?" मी म्हटलं, म्हण बाई, पण स्पष्ट म्हण.

ती फोन तोंडाजवळ धरून ओरडली, "पानी द्या की ओ!"

हेमा पलंगावर उठून बसली.

मग ओळीने सगळे झाले. "च्या टाका, साखर बरुबर घाला." "लाइट बंद करा ना, डोळ्यावर येतंय." "इकडं या, बसा जरा." आणि नकोच्या जागी: "नको म्हनलं ना!" मी म्हणालो, हे जरा उद्धट वाटतंय, परत घेऊ. हेमाने रुपालीच्या हातून फोन ओढून घेतला आणि पोटाशी धरला.

जन्मभर शुद्ध बोललेली बाई. खिडकीवर आलेल्या प्रवाशाचा "न" आणि "ण" एक झाला तर घरी येऊन नक्कल करणारी. तिला हे आवडावं? मी हेही विचारलं, पूर्वाच्या आवाजात घ्यायचं का? तिने मान हलवली, नाही. रुपाली लाजून लाल झाली.

जुने तेच कागद वापरता येतील असं मला वाटलं होतं. नाही येत. पत्ता बदलला की चित्र बदलतं. पुन्हा झेरॉक्सवाला. या वेळी मी त्याला बजावून सांगितलं, प्रत्येकाची एकच प्रत. त्याने पुन्हा "नको"चा ताव दिला. म्हणाला, "मागच्या वेळी हाच सगळ्यात वर होता, म्हटलं हाच जास्त लागतो."

१४ डिसेंबर, रविवार

लिहायला बसलोय, पण कुठून सुरुवात करावी समजत नाही.

इंद्रजीत अकरा वाजता एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. वारज्याला भाड्याने राहतात, दोघंही आयटीत, माणसं चांगली. मी सकाळी लवकर बाहेर पडलो होतो. नवे मोजे, बिस्किटं आणायची होती. परतलो तेव्हा ते लिफ्टपाशीच भेटले, एकत्रच वर आलो.

दारावर, पाटीच्या खाली, एक कोड चिकटवलेला. मी चिकटवलेला नव्हे. जोडप्यातल्या मुलीला वाटलं, सोसायटीचं काहीतरी असेल. तिने सहज फोन धरला.

"नको म्हनलं ना!"

ती दचकली. इंद्रजीत हसला. मी म्हणालो, चुकून लागला असेल, आत या. आत बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर एक. स्वयंपाकघराच्या दारावर एक. गॅलरीच्या काचेवर, टेकडीच्या बरोबर मध्ये, एक. न्हाणीघराच्या आरशावर. देवघराच्या चौकटीवर. तिच्या नवऱ्याला आता गंमत वाटायला लागली होती, तो एकेक धरत चालला आणि घरभर रुपालीचा आवाज फिरत राहिला. नको म्हनलं ना. नको म्हनलं ना. मी त्याच्यामागून कोड खरवडत होतो आणि माफी मागत होतो.

हेमा खुर्चीत बसली होती. ताठ. स्वारगेटच्या खिडकीत बसायची तशी. केस नीट विंचरलेले, बहुतेक रुपालीने अंबाडा घालून दिला होता.

ती मुलगी थांबली. नवऱ्याचा हात धरून खाली केला. हेमाजवळ गेली आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला घर द्यायचं नाहीये का?"

हेमाने मान हलवली, नाही.

"चल," मुलगी नवऱ्याला म्हणाली. जाताना मला म्हणाली, "काका, आम्हाला माहीत नव्हतं." मी म्हणालो, मलाही नव्हतं. तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं.

इंद्रजीत जिन्यात बराच वेळ बडबडत होता. मी दार लावलं. रुपाली मोरीपाशी उभी होती. "आजोबा, आजीनी बोट दाखवलं तिथं तिथं मी लावले. मला वाटलं, तुमाला ठाव हाय."

मी हेमासमोर स्टूल घेऊन बसलो. विचारलं, "बेंगळुरूला जायचं नाही?" मान: नाही. "घर विकायचं नाही?" नाही. "इथेच राहायचं?" हो. प्रत्येक वेळी ती एकदाच मान हलवायची आणि थांबायची. तिसऱ्यांदा तेच विचारणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तशी बघत होती.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

रुपाली एकदम स्वयंपाकघरात निघून गेली. हेमाने डोळे मिटले.

१५ डिसेंबर, सोमवार

पूर्वाला संध्याकाळी व्हिडिओवर सगळं सांगितलं. ती चिडली. चिडणारच. "बाबा, तीन आठवडे मी सगळं जुळवतेय. उद्या तुम्ही पडलात तर आईला कोण उचलणार? ती फोन करून सांगूही शकत नाही. ती पंख्याबद्दल बोलतेय की घराबद्दल, ते तुम्हाला कळत नाही, आणि मी इथे बसून काय करू?" ती म्हणत होती ते खरंच होतं. मीही कुठे ठाम होतो? कालपर्यंत मनातल्या मनात बॅगा भरत होतो.

हेमाने माझ्या हाताला धक्का दिला. मी फोन तिच्याकडे वळवला. तिने कोडांचा उरलेला ताव उचलला आणि पडद्यासमोर धरला. पूर्वा म्हणाली, "आई, काय आहे ते? हलवू नकोस." मग तिच्या लक्षात आलं. ती लॅपटॉपवर होती. तिने तिचा मोबाइल उचलून लॅपटॉपसमोर धरला.

बेंगळुरूच्या खोलीत रुपाली ओरडली, "नको म्हनलं ना!"

पूर्वा हसली. मग तिचा चेहरा बदलला. हेमाने ताव खाली ठेवला, पलंगाजवळचे सुटे कोड चाळले, एक काढला, पुन्हा पाहिला, आणि धरला. मी धरायला गेलो तर तिने कोपराने मला बाजूला केलं. पूर्वाला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"इकडं या, बसा जरा."

पूर्वाने मोबाइल खाली ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर धरले. मग म्हणाली, "येते, आई. या आठवड्यातच येते."

मला वाटतं हेमाने चुकीचा कोड धरला. हा खुर्चीजवळचा आहे, मला बोलावण्यासाठीचा. पूर्वा तर तिकडे होती. पण तिने तो उशीखाली ठेवून दिलाय, आता मागितला तरी देत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

पूर्वा आज परत गेली. दहा दिवस होती. बेंगळुरूचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, रुपालीला आता रात्री जेवण होईपर्यंत थांबवायचं ठरलं, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या लोकांकडे आमची एक किल्ली दिली. ते दार किलकिलं करून बघतात ते काळजीने, असं पूर्वा म्हणते. असेल.

दुपारभर ती आईजवळ नुसती बसलेली असायची. मी विचारायचो, काय बोलता दोघी? म्हणायची, "काही नाही, बाबा. बसलोय."

मी मात्र रात्री झोपलो. दहाही दिवस.

४ जानेवारी, रविवार

आज तुळजाबाई आल्या होत्या. हेमाच्या शेजारची आरक्षणाची खिडकी त्यांची असायची. आजारपणात दोनदा येऊन गेल्या, पण हेमा तेव्हा भिंतीकडे वळून पडून राहिली होती. या वेळी तिनेच साडी काढायला लावली. मोरपिशी.

तुळजाबाईंनी विचारलं, "हेमाताई, कशी आहे तब्येत?" मी सांगितलं, आता पुष्कळ बरी आहे, पायात ताकद येतेय. "जेवण जातं का?" मी म्हटलं, जातं, दुधी सोडून. "आणि करमतं का हो दिवसभर?" मी म्हटलं, करमतं की, कोड आहेत, मी आहे, रुपाली आहे, परवाच पूर्वा येऊन गेली, आणि सकाळी आम्ही दोघं गॅलरीत—

हेमाने टेबलावर हात आपटला. कपातला चहा बशीत सांडला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ जुळत होते, सुटत होते, पुन्हा जुळत होते.

"ग," ती म्हणाली. "गप."

स्पष्ट. नवा शब्द. तिच्या स्वतःच्या आवाजात. मी इतका आनंदलो की उभा राहिलो, रुपालीला हाक मारली, नम्रताला फोन करावा म्हणून खिसे चाचपायला लागलो. हेमाने पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने. "गप!"

मी बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, कारण ते आपोआप हलायला लागले होते.

तुळजाबाई मुळीच हसल्या नाहीत. खुर्ची हेमाच्या जवळ सरकवली आणि पहिल्यापासून पुन्हा विचारलं, "हेमाताई, कशी आहे तब्येत?"

बशीतला चहा टेबलावर ओघळला तो तसाच राहिला. हेमा खाली बघत होती. घशात काहीतरी यायचं आणि परत जायचं. मला शब्द माहीत होता, मी ओठांपर्यंत आणला आणि गिळला. असा किती वेळ गेला सांगता येणार नाही, खाली गेनबाची आरोळी येऊन गेली, लिफ्ट दोनदा वाजली.

"ब… री," हेमा म्हणाली.

"बरं," तुळजाबाई म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या गेल्यावर नम्रताला फोन केला. ती फोनवर ओरडलीच. दोन शब्द! मग तिने विचारलं, पहिला शब्द त्या कोणाला म्हणाल्या?

मी म्हटलं, ते काही लक्षात आलं नाही. खोलीत त्या वेळी बोलत तर फक्त मीच होतो.